यिमची बट

आर्नेलबद्दल मला विचारायला येऊ नका, असं मी सांगून सांगून थकले, तरी कुणी ना कुणी येतंच. परवा विहारातला नवा भिक्खू आला. हातात आर्नेलचं पुस्तक. हे एवढं जाडजूड, आणि आत आमच्या मून नदीची चित्रं, बैलगाड्यांची, धबधब्यांची. म्हणाला, "आजी, हा माणूस फार मोठा होता. याच्या आधी त्या डोंगरांपलीकडे कुणी गेलंच नव्हतं." मी म्हटलं, "हो का? मग तिकडची दालचिनी काय आपल्या पायांनी चालत यायची इथं?" बिचारा हसला आणि पानं उलटत बसला.

त्या पुस्तकात यिमचंही चित्र आहे. खांबांवरच्या आमच्या घराच्या शिडीवर बसलीय आणि हसतेय. आमच्या कुई लोकांतलं कुणीही ते चित्र बघून सांगेल की हे मनानं काढलेलं आहे. नवरा रानात असताना आमची बाई शिडीवर बसत नाही. आणि त्यानं तिला पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी यिम हसत तर मुळीच नव्हती. मी शेजारी उभी होते, मला माहीत नाही होय?

तर आर्नेल त्याच्या देशात मोठा असेल, असू दे. मी सांगणार यिमचं. त्यात तो जेवढा येईल तेवढा येईल.

यिम माझी धाकटी जाऊ. आमचे सासरे दियान म्हणजे गावाचे गुरुबा. हत्ती धरायला जे रानात जातात त्या सगळ्यांचे म्होरके. रानात त्यांनी बस म्हटलं की बसायचं आणि ऊठ म्हटलं की उठायचं. त्यांचा थोरला माझा नवरा, धाकटा चुम यिमचा. ही पोरगी लग्न होऊन आली तेव्हा अख्खा गाव तिचे केस बघायला आला होता. आमच्या लोकांचे केस तसेही राठ आणि कुरळे, पण हिचे म्हणजे विचारू नका. गुडघ्यापर्यंत. सकाळी नदीवर धुतले तर दुपारपर्यंत वाळायचे नाहीत. मी चिडवायची, "अगं, तुझ्या वेणीनं हत्ती बांधता येईल एखादा." तर म्हणते कशी, "हत्ती कशाला जाऊबाई, तुमचा दीर बांधलाय तेवढा पुरे." आणि चुम तिकडे हत्तीला अंघोळ घालताना कानापर्यंत लाल व्हायचा.

आमच्या घरापुढे चार खांबांवर एक लहानसं घर असतं. त्यात दोरी राहते. म्हशीच्या कातड्याची, मनगटाएवढी जाड, तिला वळायला सगळ्या भावकीचे हात लागतात. त्या दोरीत आमचे पूर्वज असतात. पाळलेल्या हत्तीच्या मानेवर बसून रानातल्या पिलाच्या पायात त्या दोरीचा फास टाकायचा, असा आमच्या पुरुषांचा धंदा. दोरी टिकली तर माणूस घरी येतो. आम्हा सुनांनी तिला हात लावायचा नाही.

पण सांभाळायची मात्र आम्हीच. पुरुष रानात गेले की अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. झाडू मारायचा नाही, नाहीतर हत्तींचा कळप पांगतो. केसांना तेल लावायचं नाही, नाहीतर फास निसटतो. विंचरायचं नाही, दोरीचा पीळ सुटतो. आणि केस कापायचा तर नाहीच नाही. परका माणूस शिडी चढून वर येता कामा नये, आणि परक्यापुढे दोरीचं नावसुद्धा काढायचं नाही. पुरुष परत येईपर्यंत आमच्या डोक्यात उवांचं राज्य व्हायचं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. यिम म्हणायची, "हत्ती तिकडे धरतात आणि जनावरं इकडे वाढतात."

त्या वर्षी कापणी उरकली आणि पुरुष निघाले. यिमचा पोरगा केव तेव्हा नुकता बोबडं बोलायला लागला होता. बाप हत्तीवर बसून निघाला तर हा अंगणात लोळण घेऊन रडला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आर्नेल गावात आला.

उंच, तांबड्या दाढीचा, नाकावर काचा लावलेला फिरंगी. राजाचं शिक्क्याचं पत्र होतं जवळ, म्हणून मुखियानं विहाराच्या धर्मशाळेत उतरवलं. दिवसभर माणसं गोळा करायचा. लाकडी चिमटा लावून डोकी मोजायचा, चेहरे काढायचा, आणि प्रत्येकाच्या केसांची एक बट कापून कागदाच्या पुडीत घालायचा. त्याच्या देशात म्हणे एक मोठं घर आहे, तिथं जगभरातल्या लोकांचे केस ठेवतात. बदल्यात सुया आणि आरसे. पोरी धावत सुटल्या. ज्यांचे पुरुष रानात होते त्या घरांतलं मात्र कुणी फिरकलं नाही, आणि का फिरकत नाही ते त्याला कुणी सांगितलंही नाही.

मग केवला ताप भरला. साधा नाही, रानताप. पोर थडथड उडायचं, मग भट्टीसारखं तापायचं. वैदूनं मंत्रून दोरे बांधले, पाला उगाळून दिला. काही उपयोग नाही. डोळे पांढरे करायला लागलं तशी यिम पिसाळल्यासारखी झाली. कुणीतरी म्हणालं, फिरंग्याजवळ कडू पूड आहे, तिनं त्याच्या गाडीवानाचा ताप गेला. शेजारच्या पोरीला त्याच्याकडे पळत पाठवलं.

आर्नेल स्वतः आला. उबोनचा एक दुभाष्या होता त्याच्याबरोबर, शहरी माणूस, आमच्यातलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. शिडीशी येताच आम्ही दोघी ओरडलो, "वर येऊ नका!" थांबला बापडा. पायरीला बूटही लावला नाही. यिमनं वरून टोपली सोडली, त्यानं पुडी ठेवली, कसं द्यायचं ते सांगितलं.

आता आमच्यात औषध फुकट घेत नाहीत. देणाऱ्याला काही दिल्याशिवाय ते अंगी लागत नाही. यिमनं स्वतः विणलेलं रेशीम टोपलीत घालून खाली सोडलं. त्यानं हसून परत पाठवलं. तिनं चांदीचा पानडबा सोडला. तोही परत. त्याला वाटलं असेल, गरीब बाई आहे, हिचं कशाला घ्या. मग त्यानं वर बघितलं आणि काहीतरी म्हणाला. दुभाष्या दात काढत म्हणाला, "साहेबाला तुझं काही नको. म्हणतो, द्यायचंच तर केसांची एक बट दे. असले केस त्यानं कुठं बघितले नाहीत."

मी म्हटलं, "केस नाही. दुसरं काय हवं ते माग म्हणावं. माझं कडं घे."

"कड्याचं काय करू म्हणतो. केस काय, पुन्हा वाढतो."

कसं सांगणार त्याला? दोरीचं नाव घ्यायचं नव्हतं. नाही म्हणता येत होतं, का नाही ते म्हणता येत नव्हतं. आत केवनं अंग ताठ केलं आणि त्याच्या तोंडून फेस आला. यिमनं माझा हात धरला.

"यिम, देऊ नकोस गं. चुम तिकडे आहे."

ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "जाऊबाई, ती कातड्याची आहे. पोर मांसाचं आहे."

आणि ओसरीच्या कडेशी पालथी पडून तिनं केस खाली सोडले. आर्नेलनं हात उंच करून कात्री चालवली. बट कागदात गुंडाळली, टोपी काढून मान लववली आणि गेला. यिमनं पूड केवच्या तोंडात घातली. दुसऱ्या दिवशी पोराला घाम फुटला आणि त्यानं भात मागितला. मी रडले. ती नाही रडली. रानाच्या दिशेला तोंड करून बसून राहिली.

आमचे पुरुष परत आले ते शिंग न फुंकता आले. तेव्हाच कळलं. चुमनं एका पिलाच्या पायात फास टाकला होता, नीट बसलाही होता. पिलानं ओढ घेतली आणि दोरी मधूनच तुटली. तुटलेलं टोक उलटं येऊन चुमच्या तोंडावर बसलं, तो हत्तीवरून खाली पडला, आणि पिलाची आई तिथंच होती. पुढचं मी सांगत नाही. रानात गेलेला माणूस रानातच पुरतात, गावात आणत नाहीत. यिमला त्याचं काहीसुद्धा बघायला मिळालं नाही.

सासरे शिडीखाली उभे राहिले. वर आले नाहीत. म्हणाले, "घरात काय मोडलं?"

मी तोंड उघडणार होते, नाही म्हणणार होते. पण यिमच पुढे झाली. "मी केस दिला बाबा. केव मरत होता."

सासऱ्यांचाच मुलगा गेला होता, त्यांचीच दोरी तुटली होती. मग म्हणाले, "पोराचा काही दोष नाही. पोर घरात राहील, थोरली बघेल त्याला. तू उतर. तो केस जिथं गेला असेल तिथून आण. दोरीपुढे जाळू, राख तिला लावू, मग ही शिडी चढ. तोवर नाही."

"बाबा, तो केस फिरंग्याच्या देशाला जाणार."

"मग तिथून आण," ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल सासरा कसाई होता. नव्हता. त्या रात्रीपासून तो माणूस पोटभर जेवला नाही. पण गुरुबानं आपल्या सुनेला सोडलं तर दुसऱ्यांच्या सुनांना कोणत्या तोंडानं बोलणार? नवी दोरी वळायची होती. सगळ्या घरांतले पुरुष त्या दोरीवर जीव टाकून जाणार होते.

केव माझ्या कडेवर होता. यिम शिडी उतरली तसा तो हात पुढे करून ओरडायला लागला. मी त्याला घेऊन आत गेले. दुसरं काय करणार?

यिमनं आर्नेलला गाठलं ते उबोनच्या धक्क्यावर. पुड्यांची पेटी आधीच होडीनं पुढे गेली होती, बँकॉकला आणि तिथून समुद्रापार. दुभाष्यानं तिचं सगळं समजावून सांगितलं तेव्हा आर्नेल म्हणे डोकं धरून बसला. म्हणाला, मी लिहितो, मागवून घेतो. तू थांब. तर ही थांबली. थांबायचं म्हणजे खायचं काय? त्याच्या तळावर भात शिजवायला लागली. तो मून उतरून मोठ्या नदीला गेला, ही गेली. तो नदी चढून डोंगरांत गेला, ही गेली. वर्षांमागून वर्षं. जिथं कुणी गेलं नव्हतं म्हणतात ना, तिथं तिनं जाऊन चूल मांडलेली आहे.

गावात जिभा वळवळल्या. फिरंग्याची बायको झाली म्हणाले. एकदा तळ्यावर एका बाईनं माझ्या तोंडावर म्हटलं, तर मी तिची घागर फोडली. मी स्वतः यिमला विचारलं एकदा. विचारायला मी काय भिते?

पावसाळ्याच्या तोंडाशी कधीमधी ती गावावरून जायची. शिडीशी यायची नाही, तळ्यापाशी बसायची. मी आंबवलेली मासळी आणि चिकट भात घेऊन जायची. त्या दिवशी म्हटलं, "खरं सांग, तो तुझा कोण लागतो?"

"अर्धं वर्ष तापात असतो. ओकतो, थरथरतो, मी तोंड पुसते. असला माणूस कुणाचा कोण लागणार?" मग हसली. "उरलेलं अर्धं वर्ष लिहितो."

"एवढं काय लिहितो गं?"

"दिसेल ते."

"मग तुझंही लिहीत असेल."

"माझं काय लिहायचं? त्याला भात दिसतो."

"आणि केसाचं काय?"

"दर वेळी म्हणतो येईल. एकदा देशाला जाऊन आला, म्हणाला ते घर फार मोठं आहे, खण फार आहेत, शोधायला लावलंय." तिनं मान वळवून विचारलं, "केव कुठाय?"

केव तिथंच होता, तळ्याच्या पलीकडे, हत्तीला पाणी पाजत. आमच्याकडे पाठ करून. मी त्याला लहानपणापासून सांगत आले होते, तुझ्यासाठी केलं रे तिनं, तू मरत होतास. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "पण बाप गेला ना, मोठ्या आई?" बरोबरीची पोरं खेळात नेहमी त्याला मागे ठेवायची, त्याच्या हातात दोरी द्यायची नाहीत. आईला तो 'ती' म्हणायचा. ती आली होती का. ती गेली का.

यिम उठायची आणि जायची. तिला पोराच्या जवळ जायचं होतं, पण शिडी चढून, हक्कानं. तळ्यावर चोरून नाही.

केव मोठा झाला, मिसरूड फुटलं. सासरे म्हातारे झाले, एका डोळ्यानं दिसेना, तरी गुरुबा तेच. त्या वर्षी कापणीनंतर ते म्हणाले, "यंदा केव दोरी धरील." पोरगा नुसता उजळला. त्याच आठवड्यात यिम आली. एकटी, चालत. पायांना फडकी गुंडाळलेली, अंगावर हाडं उरलेली.

आर्नेल मेला होता. पूर्वेच्या डोंगरांत, पावसात. कडू पूड संपली, हमाल पळाले, आणि शेवटी झोपडीत हीच एक उरली. त्याच्या लोकांत पुरतात म्हणून हिनं भाताच्या हंडीच्या झाकणानं खड्डा खणला, दगड रचले. इतका मोठा माणूस, त्याला ओढून नेता नेता तिची कंबर कायमची गेली. पुस्तकात म्हणे शेवटी लिहिलंय की तो एकटा मेला.

"पण दिलं त्यानं," यिम म्हणाली आणि कमरेची पुडी काढली.

मला आनंदानं काही सुचेना. तिथंच ओरडत सुटणार होते. पण तिचा चेहरा बघितला आणि थांबले. तिनं पुडी उघडून माझ्या हातावर ठेवली. निळ्या दोऱ्यानं बांधलेली बट. काळीभोर, सरळ, मऊ, पाण्यासारखी बोटांतून निसटणारी.

"हे..." मी म्हटलं.

"हो. डोंगरांपलीकडच्या आनामी बाईचे असतील. नाहीतर चिनी." ती शांतपणे म्हणाली. "देशातून परत आला तेव्हापासून असणार त्याच्याजवळ. ते खण कधी सापडलेच नाहीत. माझी समजूत घालायची म्हणून कुठूनतरी घेतली, आणि मग द्यायचा धीर झाला नाही. मरताना दिली. मी पुडी उघडली तर त्यानं डोळे मिटून घेतले."

मला त्या मेलेल्या माणसाचा असा संताप आला म्हणता! केस म्हणजे केस वाटला त्याला. जगभराची डोकी मोजली, आणि एकीचा केस दुसरीला चालत नाही एवढं कळलं नाही. पण संतापून काय होणार होतं? यिम समोर बसली होती आणि तिला शिडी हवी होती.

मी पुडी बांधली आणि म्हटलं, "ऐक माझं. बाबांना एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं अंधुक. बाकीच्यांना काय आठवतंय? निळा दोरा आहे, फिरंग्याचा कागद आहे. जाळून टाकू. तू घरी ये."

"दोरीला कळेल."

"कळू दे! इतकी वर्षं तिनं तुझं रक्त प्यायलं, आता एवढं पचवील."

ती हसली, कधी नव्हे ती. "तुमची जीभ तशीच आहे हो जाऊबाई." मग म्हणाली, "चला. मी थकले. मला माझ्या पोराला भात वाढायचाय."

हे तिचे शब्द. ती खोटं बोलायला तयार होऊन आली होती, हे मी शपथेवर सांगते. माणूस किती चालणार?

अंगणात सगळी भावकी जमली. दोरी तिच्या घरातून बाहेर काढलेली, कारण दुसऱ्या दिवशी पुरुष निघायचे होते. कोंबडी शिजवून तिचा जबडा सासऱ्यांनी हातात घेतला, बोटांनी चाचपला. जबड्याची टोकं सारखी वळलेली होती. "चांगला आहे," ते म्हणाले. "पूर्वज राजी आहेत. आण तो केस." त्यांनाही हेच हवं होतं, इतकी वर्षं.

यिम पुढे झाली. आणि तेव्हा तिनं बघितलं की दोरी कोणाच्या खांद्यावर आहे. केव उभा होता, नवं धोतर नेसून, दोरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन.

तिला माहीतच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, घाईत राहून गेलं. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "हा चाललाय?"

"उद्या," सासरेच म्हणाले. "राख लावू, मग ही दोरी त्याची. ये, शिडी चढ."

केवनं मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं. आणि म्हणाला, "आई, ये."

यिमचा पाय पहिल्या पायरीवर होता. पुडी पुढे केलेली. सासऱ्यांचा हात पुडीवर पडणार, तेवढ्यात तिनं हात मागे घेतला.

"हा केस माझा नाही."

कुणाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझा केस मिळाला नाही. हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. हा या दोरीला लावू नका."

मग जो गिल्ला झाला! खोटारडी, फिरंग्याची रांड, काय काय म्हणाले. केवचा चेहरा मी विसरणार नाही. तो म्हणाला, "मग आलीस कशाला?"

पायरीवरचा पाय तिनं खाली घेतला, पुडी कमरेला खोचली आणि अंगणातून बाहेर गेली. मी सासऱ्यांपुढे उभी राहून ओरडले, "दिसत नाही का तुम्हाला ती काय करून गेली?" माझ्या नवऱ्यानं मला धरून आत नेलं.

दोरी टिकली. केव पहिल्याच खेपेला सुळे फुटलेलं नर पिलू घेऊन आला, शिंगं फुंकत, गावभर नाच. लोक म्हणाले, गुरुबानं जबडा नीट वाचला होता.

यिमनं गावाबाहेर, स्मशानाकडच्या बाजूला झोपडी घातली. सुपं विणायची, मी विकून द्यायची. केव दर वर्षी रानात जायचा आणि दर वर्षी धडधाकट यायचा. सासरे गेले, पुढे केवच गुरुबा झाला. रानाची वाट तिच्या झोपडीवरूनच जाते, पण तो हत्ती पलीकडच्या बांधानं घालायचा. तिची ती हक्काची शिडी कायमची गेली. झोपडीत कुणी झाडू मारत नसे म्हणून लोक तिला घाणेरडी म्हणायचे. पोरं लांबून खडे मारायची.

गेल्या थंडीत ती गेली. मी सकाळी भात घेऊन गेले तर भिंतीला टेकून होती. मी निरोप पाठवला, म्हटलं आला तर आला. केव आला. दारात उभा राहिला, आत यायला बिचकत होता. मी तिला न्हाऊ घालत होते, आणि फणी घेऊन केसांशी झगडत होते. पांढरे झालेले, आणि सगळ्यांचा मिळून एक गोळा, घट्ट, लाकडासारखा. फणीचा दात शिरेना.

"असे कसे गं झाले हिचे केस?" केव म्हणाला. "कधी विंचरायची नाही का?"

"नाही. तेल नाही, फणी नाही, झाडू नाही."

"का?"

"तू रानात जातोस ना."

"मी काय बारा महिने रानात असतो?"

"तू कधी निघतोस आणि कधी येतोस ते तू तिला सांगत होतास? माझं सांगणं ती धरायची नाही." मी म्हटलं. "म्हणून ती बारा महिने पाळायची."

केव आत आला. माझ्या हातातली फणी त्यानं काढून घेतली आणि बाजूला ठेवली. मग तिचं डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांत ते केस धरले आणि म्हणाला, "राहू दे, मोठ्या आई. सोडवू नकोस."

आम्ही तिला तसंच नेलं.